कोटींचा मायक्रोस्कोप कोण विकत घेतं? आणि त्यात तुमचा धंदा कुठे आहे?



मागे एका बॅचमध्ये एका तरुणाने मला मोबाइलवर एका मार्केट रिपोर्टचं पान दाखवलं. म्हणाला, "सर, नॅनो मायक्रोस्कोपीचं मार्केट जोरात वाढतंय. एखाद्या परदेशी कंपनीची एजन्सी घ्यावी म्हणतो. घरच्यांनी दहा लाखांची तयारी केलीय."

मी त्याला एकच विचारलं, "हे मशीन घेताना शेवटचा चेक कोण फाडतो?"

त्याला सांगता आलं नाही. त्यात त्याची चूक नव्हती, कारण रिपोर्टमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं. पण घरचे दहा लाख घालण्याआधी हा एक प्रश्न सुटायलाच हवा. आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे.

आधी वस्तू समजून घेऊ

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. शाळेतला प्रकाशावर चालणारा मायक्रोस्कोप साधारण २०० नॅनोमीटरपर्यंतच स्पष्ट दाखवू शकतो. त्याच्या खालचं बघायचं तर वेगळी यंत्रं लागतात.

मुख्य प्रकार तीन लक्षात ठेवा. पहिलं एसईएम. यात इलेक्ट्रॉनचा झोत नमुन्याच्या पृष्ठभागावर फिरवून चित्र तयार होतं. दुसरं टीईएम. यात इलेक्ट्रॉन अतिशय पातळ नमुन्याच्या आरपार जातात. तिसरं एएफएम. यात एक अतिसूक्ष्म टोक नमुन्यावरून फिरतं, आंधळा माणूस बोटांनी चेहरा चाचपतो ना, तसं.

हे तंत्र नवं नाही. अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नोल यांनी बर्लिनमध्ये १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवला. बाजारात विकलं गेलेलं पहिलं एसईएम केंब्रिजच्या कंपनीने १९६५ मध्ये आणलं. एएफएम १९८६ चं. मग आत्ताच एवढी चर्चा का? कारण आता नॅनो आकाराच्या वस्तू कारखान्यात बनू लागल्या आहेत. जी वस्तू बनवायची, ती मोजता आणि बघता आली पाहिजे.

किमतीचं म्हणाल तर टेबलावर बसणारं छोटं एसईएम लाखांत बसतं, फील्ड एमिशन प्रकारचं काही कोटींत जातं आणि वरच्या दर्जाचं टीईएम दहा कोटींच्याही पुढे. थर्मो फिशर, झाइस, जिओल, हिताची, ब्रुकर, टेस्कान अशी मोजकीच नावं जगभर हे विकतात.

रिपोर्टमधला टक्का कसा वाचायचा?

दोन रिपोर्ट समोर ठेवा. दोघांचे आकडे जुळणार नाहीत. एकाने त्यात साधे ऑप्टिकल मायक्रोस्कोप धरलेले असतात, दुसऱ्याने फक्त इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. कुणी सॉफ्टवेअर आणि सर्व्हिसही धरतं. म्हणून "बाजार इतका टक्के वाढतोय" हे वाक्य ऐकून दुकान उघडायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट. मोबाइल, मसाला, साडी यांचा बाजार लोकांच्या इच्छेवर चालतो. हा बाजार मंजुरीवर चालतो. प्राध्यापकाला मशीन हवं असतं दहा वर्षांपासून, पण ऑर्डर निघते मंजुरी आल्यावर. म्हणून इथे गिऱ्हाईक शोधण्याआधी पैशाचा नळ शोधायचा.

पैशाचे चार नळ

नळ पहिला: संशोधनाचं सरकारी अनुदान. अमेरिकेने २००० साली राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रम जाहीर केला आणि जगभर प्रयोगशाळांची खरेदी वाढली. आपल्याकडे २००७ मध्ये नॅनो मिशन आलं, पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचं. त्याआधी २००० पासून विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना विद्यापीठांच्या विभागांना उपकरणांसाठी पैसे देत आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं. त्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आराखडा मांडला गेला, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचा आहे. हे नीट वाचा. घोषणेचा आकडा वेगळा आणि हातात येणारा पैसा वेगळा.

नळ दुसरा: सेमीकंडक्टर. चिपवरच्या रेषा नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक कण चुकीच्या जागी बसला तर चिप बाद. म्हणून या कारखान्यात बघण्या-मोजण्याची यंत्रं पदोपदी लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर केला. अमेरिकेने २०२२ मध्ये चिप्स कायद्यात ५२.७ अब्ज डॉलर ठेवले. आपल्याकडे गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा आणि धोलेऱ्याला टाटांचा प्रकल्प, आसाममध्ये जागीरोडला टाटांचा जुळणी आणि चाचणी प्रकल्प, हे त्याच पैशाच्या आधाराने उभे राहत आहेत. पण एक सांगून ठेवतो. फॅबच्या आतली मुख्य यंत्रं जगातल्या मोजक्या कंपन्यांकडूनच जातात. तिथे आपण थेट विकायला जाणार नाही.

नळ तिसरा: चालू उद्योग. औषध कंपनीला कणाचा आकार बघायचा असतो. बॅटरी बनवणाऱ्याला इलेक्ट्रोडवरची भेग बघायची असते. चाकणच्या पुरवठादाराला बोल्ट का तुटला ते शोधायचं असतं, कोल्हापूरच्या फाउंड्रीला कास्टिंगमध्ये काय राहिलं ते. हा पैसा सरकारी मंजुरीची वाट बघत नाही. नुकसान झालं की माणूस आजच्या आज रिपोर्ट मागतो.

नळ चौथा: वाटून वापरण्याची व्यवस्था. प्रत्येक कॉलेजला टीईएम देणं परवडत नाही. म्हणून विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने सैफ नावाची सामायिक उपकरण केंद्रं उभी केली. त्यातलं एक आपल्या आयआयटी मुंबईत आहे. जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम हे पोर्टल सुरू झालं. देशात कुठल्या संस्थेत कुठलं उपकरण आहे ते तिथे दिसतं आणि फी भरून वापरायला वेळ मागता येतो. आपल्यासारख्या छोट्या माणसासाठी चारही नळांत हा सगळ्यात जवळचा. का, ते पुढे सांगतो.

नियम बदलला की ऑर्डरची वाट बदलते

तीन उदाहरणं बघा.

२०२० मध्ये नियम आला की २०० कोटींपर्यंतच्या सरकारी खरेदीसाठी खास परवानगीशिवाय जागतिक निविदा काढायची नाही. हेतू देशी उत्पादकाला संधी देण्याचा. पण जे मशीन देशात बनतच नाही, त्याची खरेदी परवानगीच्या फायलीत अडकायला लागली.

जुलै २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर गेला आणि नेहमीचा दर लागू झाला, बहुतेक उपकरणांना १८ टक्के. अनुदान तेवढंच, बिल वाढलं. १ कोटीच्या मशीनला १३ लाख जास्त लागले. हे पैसे कुठून काढायचे? मग कुणी डिटेक्टर कमी केला, कुणी देखभालीचा करार सोडला.

जून २०२५ मध्ये विज्ञान संस्थांसाठी नियम सैल झाले. संशोधनासाठी लागणाऱ्या खास उपकरणांची खरेदी जेम पोर्टलबाहेर करायची मुभा मिळाली. थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली. २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला संस्थेचा संचालक किंवा कुलगुरू मंजुरी देऊ शकतो.

यातला तुमच्या कामाचा आकडा कुठला? २०० कोटी नाही. २ लाख! तुमची छोटी वस्तू किंवा सेवा त्या मर्यादेत बसत असेल तर मोठ्या निविदेत न शिरता तुम्ही आत जाऊ शकता.

मशीन एकदाच येतं, खर्च दहा वर्षं चालतो

आता लेखातला मुख्य मुद्दा.

अनुदानात मशीनसाठी एक रकमी पैसा मिळतो. पण पुढच्या देखभालीचा, सुट्या भागांचा, मशीन चालवणाऱ्या माणसाचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो आणि तो बहुतेक वेळा अपुरा असतो. त्यामुळे कोटींचं यंत्र फडकं टाकून ठेवलेलं तुम्हाला अनेक ठिकाणी दिसेल. केंद्राने २०२२ मध्ये श्रीमान नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच दुखण्यावर: उपकरणं वाटून वापरा, नीट सांभाळा.

मशीनची एजन्सी मिळवायला मोठं भांडवल, प्रशिक्षित इंजिनिअर आणि कंपनीचा विश्वास लागतो. पण मशीनच्या आजूबाजूला काय काय लागतं बघा:

- खोली. एसईएमला हादरे, चुंबकीय क्षेत्र आणि तापमानातले चढउतार चालत नाहीत. शेजारी लिफ्ट असली, खालून जाड केबल गेली, तरी चित्र हलतं. जागेची तपासणी, वेगळा पाया, अर्थिंग, एसी ही कामं स्थानिक माणूसच करतो.
- वीज आणि थंडावा. यूपीएस, चिलर, कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर, नायट्रोजनची लाइन आणि या सगळ्यांची देखभाल.
- नमुना बसवायचं सामान. ॲल्युमिनियमचे स्टब, कार्बन टेप, नमुने ठेवायचे डबे, होल्डर. चांगल्या सीएनसीवाल्याला स्टब करणं अवघड नाही. अट एकच: मापात फरक नको आणि वस्तूवर तेलाचा अंश नको. व्हॅक्यूममध्ये तेल गेलं तर अख्खं मशीन घाण होतं.
- नमुना तयार करणं. कापणं, साच्यात बसवणं, पॉलिश करणं, सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा पातळ थर देणं. हे हाताचं कौशल्य आहे.
- नमुना ते रिपोर्ट सेवा. छोट्या कारखान्यातून तुटलेला भाग आणायचा, तयार करायचा, सामायिक केंद्रात वेळ घ्यायची, चित्रं काढून आणायची आणि जाणकार धातुतज्ज्ञाकडून अर्थ लावून साध्या मराठीत रिपोर्ट द्यायचा.

ही शेवटची सेवा मला फार महत्त्वाची वाटते. शिरोलीच्या किंवा भोसरीच्या छोट्या कारखानदाराला आय-स्टेमवर जाऊन स्लॉट घ्यायला वेळ नाही. काय मागायचं तेही त्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त एवढंच कळायला हवं असतं की माझा पार्ट का तुटला, चूक मालाची की हीट ट्रीटमेंटची. या सेवेला तुम्हाला मशीन विकत घ्यावं लागत नाही. मात्र त्या केंद्राचे उद्योगांसाठीचे दर आणि अटी आधी विचारा. आणि मान्यता नसताना "मान्यताप्राप्त लॅब" असं कार्डावर छापू नका.

चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहराची गोष्ट सांगतो. तिथे आर्मिन डेलाँग यांच्या गटाने टेबलावर मावणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप केला. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. टेस्ला नावाची सरकारी कंपनी ही यंत्रं बनवायची. १९८९ नंतर व्यवस्था बदलली आणि कंपनी मोडली. पण हात शिकलेले होते. त्याच इंजिनिअरांनी १९९१ मध्ये टेस्कान सुरू केली, आणखीही कंपन्या निघाल्या. आज थर्मो फिशरचा मोठा कारखानाही त्याच शहरात आहे. कंपनी बुडाली, कौशल्य टिकलं आणि त्याच्या जोरावर शहर पुन्हा उभं राहिलं. म्हणून मी सांगतो, आधी हात तयार करा.

पैसे कुठे अडकतात? माझा स्वतःचा अनुभव

धंद्याच्या सुरुवातीला मी एका शैक्षणिक संस्थेच्या प्रयोगशाळेचं विजेचं आणि टेबलांचं काम घेतलं होतं. ऑर्डर फेब्रुवारीच्या शेवटी आली. "३१ मार्चच्या आत बिल द्या, नाहीतर अनुदान परत जाईल." आम्ही रात्री जागून काम केलं, बिल दिलं. पण ज्या मशीनसाठी खोली होती ते मशीनच बंदरावर अडकलेलं. मशीन लागल्याशिवाय पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही नाही आणि सही नाही तर पैसे नाहीत. मार्च गेला. माझे पैसे दिवाळीनंतर आले. मधल्या काळात बायकोच्या बांगड्या गहाण होत्या. ते मी आजही विसरलेलो नाही.

चला, हिशोब मांडू. समजा ५ लाखांचं काम आहे, वर १८ टक्के जीएसटी.

- माल ३ लाख, जीएसटीसह ३ लाख ५४ हजार
- मजुरी, वाहतूक, जोडणी: १ लाख २० हजार
- इनपुट क्रेडिट वजा करून भरायचा जीएसटी: ३६ हजार
- तुमच्या खिशातून गेलेले एकूण: ५ लाख १० हजार
- कागदावरचा नफा: ८० हजार

हे ५ लाख १० हजार वर्षाला १४ टक्क्यांनी उचललेले आहेत असं धरा. पैसे सहा महिन्यांनी आले तर व्याज ३५,७०० रुपये. नफा उरला ४४,३००. वर्ष लागलं तर व्याज ७१,४०० आणि हातात ८,६०० रुपये. वर्षभर धावपळ करून ८,६००! कोटेशन देताना हा हिशोब केला नाही, तर बाजार कितीही टक्के वाढो, तुम्ही वाढणार नाही.

उद्यम नोंदणी: फायदा आणि फसगत

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी कायदा चांगला आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा या उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. निविदेत अनामत रकमेचीही सूट मिळते.

पण फसगत इथे होते. हे फायदे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहेत. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे परदेशातून टेप आणून नुसती विकली तर ४५ दिवसांचं संरक्षण नाही. तुम्ही स्टब स्वतः बनवले किंवा नमुने तयार करण्याची सेवा दिली, तर आहे. एजन्सीच्या मोहात पडण्याआधी हा फरक डोक्यात पक्का बसवा.

आणखी दोन गोष्टी. नोंदणी ऑर्डर घेण्याआधी करा, मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद होतात. आणि माल दिल्याच्या दिवशी चलनावर तारीख, सही, शिक्का घ्या. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर दिल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं कायदा धरतो. माझ्याकडे त्या वेळी सही केलेलं चलन असतं, तर बोलायला माझ्या हातात काहीतरी असतं.

गृहपाठ

या आठवड्यात एवढं करा:

१. आय-स्टेम पोर्टल उघडा. तुमच्या घरापासून १०० किलोमीटरच्या आत कुठे एसईएम किंवा एएफएम आहे, याची यादी करा.

२. त्यातल्या दोन ठिकाणी जा. विकायला नाही, विचारायला. मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा, "दर महिन्याला काय संपतं? काय बिघडतं? काय आणायला सगळ्यात जास्त दिवस लागतात?" प्राध्यापकाच्या आधी त्याच्याशी बोला, रोजची अडचण त्याला माहीत असते.

३. तुमच्या एमआयडीसीतल्या पाच कारखानदारांना विचारा, "गेल्या वर्षी किती वेळा माल परत आला आणि कारण कळलं नाही?"

४. जी एक वस्तू किंवा सेवा दोन्हीकडून ऐकू येईल, ती वहीत लिहा आणि वरच्यासारखा हिशोब सहा महिन्यांच्या उधारीने मांडा. नफा उरत असेल तरच पुढे जा.

सुरुवातीला सांगितलेला तो तरुण एजन्सीचा नाद सोडून महिनाभर लॅब फिरला. घरचे दहा लाख अजून बँकेतच आहेत. सध्या तो एका मेटलर्जी लॅबमध्ये नमुने पॉलिश करायला शिकतोय, पगारावर. मला विचाराल, तर सुरुवात चांगली झालीय.

तुमच्या यादीत काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब मांडत राहा!